काळ्या रानातली दगडी कड

सांगलीकडची काळी जमीन बारा महिने हलत असते. एप्रिल संपता संपता तिला अशा भेगा पडतात की तळहात उभा आत जातो, आणि जूनमध्ये दोन दमदार पाऊस झाले की तीच जमीन फुगून सगळ्या भेगा मिटवून टाकते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. घराच्या पायापासून कुंपणाच्या खांबापर्यंत जे काही तिच्यावर उभं आहे, ते सगळं ती वर्षातून एकदा उचलते आणि एकदा खाली सोडते. म्हणून आमच्या अंगणात लॉन आणि फुलझाडांचे वाफे यांच्यामध्ये दगडाची कड बसवायची ठरली, तेव्हा आधी विचार केला तो जमिनीचा. ते काम कसं झालं ते इथं सविस्तर लिहितेय, कारण आमच्या भागात बागेची बॉर्डर म्हटलं की लोक थेट सिमेंटची पोती मागवतात, आणि चांगल्या पैशांची माती होते.

आधी आमच्याकडे विटांची कड होती. सासऱ्यांनी हौसेनं तिरक्या खोचलेल्या, गेरू आणि चुन्यानं एकाआड एक रंगवलेल्या विटा. शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या आवारात असतात तशा. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेचं पाणी अंगणात आलं, राहिलं, आणि ओसरलं तेव्हा सगळ्या बागेवर मळीचा, म्हणजे गाळाचा, जाड थर होता. झाडांना ती मळी मानवली. पुढच्या वर्षी जास्वंद कधी नव्हे इतकी फुलली. विटांचं मात्र काही उरलं नाही. कमी भाजलेल्या होत्या, पाण्यात राहून भुसभुशीत झाल्या, काही गाळाखाली गडप झाल्या. लॉन कुठे संपतं आणि वाफा कुठे सुरू होतो, हेच समजेना.

तेवढ्यानं फावलं ते हरळीचं. आमचं लॉन हरळीचंच आहे, कारण इथलं ऊन तिच्याइतकं कुणाला सोसत नाही. आपण गणपतीला ज्या दूर्वा वाहतो ती हीच. ती जमिनीवरून लांब ताणे सोडते, पेरापेराला मूळ धरते, आणि त्याच वेळी जमिनीखालून पांढरे टोकदार कोंब पुढे सारत असते. शेवंतीच्या बुंध्यात शिरलेला एक ताणा खुरप्यानं उपटायला गेलं की तो मध्येच तुटतो आणि तुटल्या पेरातून नवा फुटवा येतो. सासूबाई म्हणायच्या, "अगं, ती उपटून जायची नाही, तिला अडवायला पाहिजे." त्या शेतकरी घरातल्या. बांधावरची हरळी रानात येऊ नये म्हणून बांधाकडेनं चर मारून ठेवायची त्यांच्याकडे रीत होती. बागेत कायमचा उघडा चर ठेवता येत नाही, म्हणून त्या चरात दगड.

हे मनात पक्कं झाल्यावर बरेच निर्णय आपोआप सुटले. कड दिसायला कशी, हा प्रश्न मागे पडला आणि ती जमिनीत किती खोल, हा पुढे आला. हरळीचे बहुतेक कोंब वरच्या पाच-सहा इंचांतच पसरतात, तेव्हा दगड आठ इंच तरी उंच हवा. बाजारात बागेसाठी म्हणून मिळणाऱ्या तीन-चार इंच उंचीच्या तयार सिमेंटच्या पट्ट्या इथंच बाद झाल्या. त्या वरून देखण्या दिसतात, पण हरळी त्यांच्या खालून महिन्याभरात पलीकडे निघते.

सिमेंटमध्ये दगड बांधून घेण्याचा पर्याय घरात बराच चर्चेत होता. नवऱ्याचं म्हणणं, एकदाच काय ते पक्कं करू. मी त्याला आमच्याच गल्लीतली एक कड दाखवली. चांगल्या गवंड्यानं, चांगला माल वापरून केलेली, खाली काँक्रीटचा सलग पट्टा, वर दगड, दर्जा (दगडांमधले सांधे) भरलेल्या. जमीन फुगली तेव्हा पट्टा मधूनच उचलला गेला, आणि काँक्रीटला वाकता येत नाही म्हणून तो तुटला. तडा बरोबर दगडांच्या मधून गेला. आता ते दुरुस्त करायचं तर सगळंच फोडावं लागेल. गवंड्याचा त्यात दोष नव्हता. काळ्या जमिनीवर सहा इंच रुंदीची लांबच लांब काँक्रीटची पट्टी टाकली की ती कधीतरी तुटणारच.

दगडासाठी मी खाणीवर गेले. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच बसलाय. पण खाणीतला प्रत्येक काळा दगड सारखा नसतो. मला हे शिकवलं ते खाणीच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाखाली टाचणीचं, म्हणजे दगड घडवायचं, काम करत बसलेल्या एका म्हाताऱ्या पाथरवटानं. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही तात्याच म्हणू लागले. त्यांनी दोन दगड शेजारी ठेवून हातोडीनं हलकेच ठोकले. एक खणखणला, दुसऱ्याचा आवाज बद्द आला. "हा बद्द वाजतोय न्हवं ताई, ह्याच्या आत भेग हाय, न्हाईतर पाणी मुरलंय. पावसात चार वर्सं काढंल, मग पापुद्रं सुटत्यात." मग त्यांनी ढिगातला तपकिरी साल असलेला एक गोटा दाखवला, त्याचे थर कांद्यासारखे नखानं निघत होते. बारीक भोकं असलेले, पांढरे ठिपके भरलेले दगडही त्यांनी बाजूला काढले. त्या ढिगातून मी घेतलेला प्रत्येक दगड असा वाजवून घेतलाय. खाणवाल्यानं थोडी कुरकुर केली, पण तात्यांच्या शब्दाला तिथं मान होता.

माप ठरलं ते 12 इंच लांब, 6 इंच रुंद, 8 इंच उंच. रुंदी सहा इंच अशासाठी की गवत कापायच्या मशीनचं एका बाजूचं चाक दगडावरून सरळ चालावं. मग कडेचं गवत कात्रीनं वेगळं कापावं लागत नाही. असा एक दगड साधारण 27 किलोचा भरतो. शंभर फूट कडेला शंभरच्या आसपास दगड, म्हणजे पावणेतीन टन वजन. छोटा हत्ती टेम्पो एका वेळी त्यातला चौथा हिस्साच नीट नेतो, तेव्हा भाड्याचा हिशेब आधीच करून ठेवावा. आमच्याकडे दगडापेक्षा वाहतूक महाग पडली.

मशीनवर कापलेला दगड स्वस्त आणि झटपट मिळत होता. मी तो घेतला नाही. करवतीनं कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आमच्या पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं आणि सासूबाईंसारख्या वयाच्या माणसाचा पाय त्यावरून सरकायला वेळ लागत नाही. टाकीनं (छिन्नीनं) टाचलेल्या दगडाला बारीक खवले असतात, त्यावर पाय टिकतो. दुसरं कारण असं की टाचणीचं काम करणारी माणसं कमी होत चाललीयत, आणि काम मिळालं तरच ती राहतील. तात्या वडार समाजातले. त्यांचे वडील गावोगाव दळायची जाती आणि पाटे-वरवंटे टाचून देत. घराघरातली जाती थांबली, मिक्सर आले, आणि टाकी लावून घ्यायला हाक मारणारं कुणी उरलं नाही. मला हे कळलं तेव्हा ठरवलं की सगळी टाचणी हातानंच करून घ्यायची, वेळ लागला तरी.

टाचणी ते आमच्या अंगणातच येऊन करत. दुमडलेल्या पोत्यावर बसून, दगड दुसऱ्या दगडाला तिरका टेकवून, गेरूत बुडवलेली दोरी ताणून आधी रेघ मारायची. मग त्या रेघेवर टाकी जवळजवळ उभी धरून बारीक घाव, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, आणि तीच फेरी पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला जादा तुकडा एका घावात निघून पडतो. वरची बाजू आणि दोन्ही टोकं ते सफाईनं टाचत. तळ मुद्दाम ओबडधोबड ठेवत, म्हणजे तो खालच्या थरात रुतून बसतो. कपच्या उडतात त्या डोळ्याच्या उंचीला येतात. मी त्यांना चष्मा आणून दिला, तो त्यांनी लावला, आणि नातवंडांना लांब बसवायचं काम सासूबाईंनी घेतलं. 

काम कधी काढायचं, यावर तात्यांचं मत ठाम होतं: दिवाळीनंतर. उन्हाळ्यात खणलं तर जमीन आकसलेली, टिकाव टणकतो, आणि त्या आकसलेल्या जमिनीत घट्ट बसवलेला दगड पावसाळ्यात वर फेकला जातो. पावसाळ्यात खणलं तर चिखल आणि चराच्या भिंती ढासळतात. परतीचा पाऊस थांबून जमीन वाफशावर आली की ती ना फुगलेली असते ना आकसलेली. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि सोडला की फुटतो, तेव्हा समजायचं वेळ आली. पेरणीसाठी शेतकरी जी वाट बघतो तीच.

आखणीला रबरी पाईप वापरला. तो दुपारभर उन्हात टाकला की मऊ पडतो आणि जमिनीवर हवं ते वळण घेतो. गच्चीवरून बघितलं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, मग बंद मशीन त्या रेघेवरून ढकलत नेऊन बघितलं. जिथं मशीन वळवताना मागे घ्यावं लागलं ते वळण सैल केलं. वाफ्यांना नागमोडी कड हवी असं वाटतं खरं, पण लहान लहान वळणं दगडाला परवडत नाहीत; 12 इंची दगड तिथं बसतच नाही. शेवटी दोन मोठी, शांत वळणं राहिली. त्यावर फक्की टाकून रेघ पक्की केली.

चर 10 इंच रुंद आणि 12 इंच खोल. लॉनच्या बाजूची भिंत सरळ उभी कापायची, कारण तिला लागूनच दगड येणार. त्या बाजूचं गवत हललं तर वर्षभर तिथं टक्कल राहतं. कापून निघालेल्या हरळीच्या चापड्या ओल्या पोत्याखाली ठेवल्या आणि लॉनमध्ये जिथं विरळ होतं तिथं लावल्या. चरातून निघालेल्या मातीतली मुळं मात्र चाळणीनं वेगळी करून उन्हात वाळवली. ती माती तशीच वाफ्यात टाकली असती तर जिला अडवायला एवढा खटाटोप, तिलाच हातानं आत नेऊन सोडल्यासारखं झालं असतं. काळी माती चरात परत घालायचीच नाही, हा सगळ्या कामाचा गाभा. जी फुगते ती दगडाच्या खाली आणि लगत ठेवायची नाही.

दगड बसण्याआधी ठिबकची सोय केली. सांगली-तासगावकडे द्राक्षबागांमुळे ठिबकचं सामान कुठल्याही दुकानात मिळतं. वाफ्यांना जाणारी 16 मिलिमीटरची नळी कुठे कुठे कड ओलांडणार ते बघून तिथं चराच्या तळाशी दीड इंची पीव्हीसीचे तुकडे आडवे टाकले, दोन्ही टोकं चिंधीनं बंद करून. उद्या नळी बदलायची झाली तर ती या तुकड्यातून ओढून घेता येते, दगडाला हात लावावा लागत नाही. बागेत दिवे लावायचा विचार असेल तर वायरीसाठीही एक जादा तुकडा टाकून ठेवावा, खर्च नगण्य आहे.

तळाला तीन इंच मुरूम. लाल, खडेदार, माती कमी असलेला. दोन थरांत पसरून, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून, धुम्मसनं ठोकून बसवला. शंभर फुटांना खालचा थर आणि बाजूची भर मिळून साधारण अर्धा ब्रास (50 घनफूट) मुरूम लागतो. मुरूम पाण्यानं फुगत नाही, आणि खालची काळी जमीन हलली तरी ती हालचाल तो पसरून घेतो. एकाच दगडाला सगळा धक्का बसत नाही. त्यावर दीड इंच कच, क्रशरवर मिळते ती दगडाची बारीक भुकटी. नदीची वाळू वापरायची नाही. तिचे कण गोल असतात, ती दगडाखालून सरकते आणि पावसात वाहून जाते. कचीचे कण कोनेरी, ते एकमेकांत अडकून बसतात.

पातळी काढायला पाण्याची पारदर्शक नळी. लेझरवाली यंत्रं आली असतील, पण दोन टोकांना दोन माणसं आणि मध्ये नळीतलं पाणी, याच्याइतकी भरवशाची गोष्ट मला दुसरी दिसली नाही. दर दहा फुटांना एक इंच उतार ठेवला, घरापासून लांब, चिंचेच्या बाजूला. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दगडाचा माथा लॉनच्या मातीपेक्षा अर्धा इंच वर आणि कापलेल्या गवताच्या उंचीपेक्षा खाली राहील अशी दोरी. वाफ्याची माती दगडाच्या माथ्यापासून दोन इंच खाली. हे दोन इंच सोडले नाहीत तर वळवाचा पहिला दणका बसला की वाफ्यातला चिखल थेट लॉनवर येतो.

आता खरं बसवणं. हे मी तासन् तास बघितलंय आणि नंतर स्वतःही केलंय, म्हणून जरा थांबून सांगते. कच फळीनं ओढून सारखी करायची, पण ठोकायची नाही. दोघांनी मिळून दगड उचलायचा, सरळ वरून खाली ठेवायचा. सरकवत आणला तर तो पुढे कचीचा ढीग गोळा करतो आणि मागे पोकळी ठेवतो. ठेवला तेव्हा दगड दोरीपेक्षा पाव इंच वर राहायला हवा. मग लाकडी मोगरीनं ठोके, आधी मध्यावर, मग आळीपाळीनं दोन्ही टोकांवर. पहिल्या ठोक्यांचा आवाज पोकळ येतो. दगडाखाली कच भरत जाते तसा तो जड होत जातो, आणि एका क्षणी ठोका दगडातून न येता जमिनीतून आल्यासारखा वाटतो. तात्या लेव्हलपट्टी नंतर लावत, आधी कान लावत. मग दगडावर उभं राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार द्यायचे. जरा जरी डुगडुगला तरी दगड वर. बाजूनं कपची ठोकून काम भागवायला ते तयार नसत. "आत्ता कपची मारली तर तो तिच्यावरच नाचंल," म्हणायचे. दगड पूर्ण काढायचा, कच पुन्हा हलवून सारखी करायची, पुन्हा ठेवायचा. एकेका दगडाला असा वेळ दिला, आणि मला तो एक मिनिटही जास्त वाटला नाही.

वळणावर दगडाची टोकं तिरकी टाचावी लागतात. चौकोनी दगड वळणात लावले की आतल्या बाजूला टेकतात आणि बाहेरच्या बाजूला पाचरीएवढी फट उघडते; त्या फटीत हरळीला आयतं दार मिळतं. तात्यांनी आधी दगड चराच्या कडेला नुसते मांडून घेतले, लागोपाठच्या दोन दगडांवर गेरूची रेघ मारली आणि दोघांची टोकं थोडी थोडी काढली, सगळं एकाच दगडातून नाही. मोठ्या वळणात 12 इंची दगड चालले, धाकट्या वळणात त्यांचे 6 इंची अर्धे तुकडे करून घेतले. या वळणांवर गेलेला वेळ सरळ भागापेक्षा कितीतरी जास्त होता, आणि मजुरी ठरवताना हे आधी बोलून घ्यावं. रनिंग फुटाचा एकच दर लावला तर वळणावर कारागिराचं नुकसान होतं.

दोन दगडांमध्ये जेमतेम पाव इंच सांधा ठेवला. त्यात कोरडी कच झाडून भरायची, वर पाणी शिंपडायचं, ती खाली बसली की पुन्हा भरायची, तोंडापर्यंत येईतो. वाफ्याच्या बाजूला मुरमाची भर घालून ठोकून घेतली. दगड वाफ्याकडे कलू नये म्हणून ही भर महत्त्वाची. सिमेंट कुठेही नाही. जमीन फुगली की दगड केसभर वर येतो, आकसली की खाली जातो, शेजारचा त्याच्या जागी राहतो. आमच्यापासून जवळ, खिद्रापूरला, शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं कोपेश्वराचं देऊळ आहे, काळ्या दगडाचं. तिथं गेलं की सगळे स्वर्गमंडपात उभे राहून वरच्या गोल आभाळाकडे बघतात. या कामानंतर मी तिथं गेले तेव्हा दगडावर दगड कसा टेकलाय ते बघत राहिले. चुना न घालता नुसत्या वजनावर आणि घडणीवर उभं राहायची विद्या आपल्याकडे किती जुनी आहे, आणि ती आपण बागेच्या कडेपुरतीसुद्धा वापरत नाही, याचं वाईट वाटतं.

सिमेंट वापरलं ते फक्त फाटकाजवळ, जिथून स्कूटर लॉन ओलांडून शेडमध्ये जाते. चाकाचा भार दगडाच्या एकाच टोकावर येतो, तिथं नुसती कच पुरत नाही. तेवढ्या चार फुटांत खोल खणून खाली जास्तीचा मुरूम, वर काँक्रीट, आणि दगड सिमेंट-वाळूच्या 1:4 मालात बसवले. दोन्ही टोकांना मात्र सांधा मोकळा ठेवला. तुकडा लहान असल्यामुळे तो जमिनीबरोबर अखंड हलतो, मोडत नाही.

अंगणात रचून ठेवलेले दगड उचलताना एक पथ्य आम्ही पाळलं. दगडांच्या ढिगाखाली विंचू असतो, आमच्याकडे तर हमखास. हात खाली घालायचा नाही. दगडाची पलीकडची कड पहारीनं उचलायची आणि दगड आपल्या बाजूला कलवायचा, म्हणजे खाली काही असलं तर ते पलीकडे पळतं आणि आपण दगडाआड राहतो. पायात बूट हवेतच. एकदा खरोखरच निघाला, आणि कुणाला काही झालं नाही ते या सवयीमुळे.

पहिला पावसाळा म्हणजे परीक्षा होती. जून-जुलैत मी रोज सकाळी कडेवरून चालत जायची. वळणातले दोन दगड जरा वर आले आणि दसऱ्यापर्यंत परत बसले. एक मात्र बसला नाही. तो पहारीनं उचलला, खालची कच सारखी केली, परत ठोकला, आणि चहा व्हायच्या आत काम संपलं. सिमेंटच्या कडेला हे करता येत नाही. सांध्यातली कच पावसानं थोडी खाली जाते, ती दरवर्षी दिवाळीच्या सुमारास भरून घ्यायची, एवढीच देखभाल. हरळी दगडापर्यंत येते, माथ्यावर एखादा ताणा टाकते, आणि मशीनचं पातं तो घेऊन जातं. खालून ती अजून तरी आलेली नाही.

लव्हाळा मात्र या कडेला जुमानत नाही, हे सांगायला हवं. त्याच्या गाठी फुटापर्यंतही खोल जातात आणि मळीबरोबर त्या आमच्या सगळ्या बागेत पसरल्यात. तो हातानंच काढावा लागतो, गाठीसकट, पावसानंतर जमीन मऊ असताना. कुणी दगडानं लव्हाळा थांबेल असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दगडालगत काय लावायचं हेही बघावं लागतं. काळा दगड एप्रिल-मेमध्ये असा तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. नाजूक रोपं त्याच्यापासून सहा इंच तरी लांब हवीत. निशिगंध आणि पावसाळी लिली मात्र अगदी कडेला खूश आहेत. लिलीचे कंद उन्हाळाभर झोपलेले असतात, वळीव पडला की चार-पाच दिवसांत दगडाला लागून गुलाबी फुलांची ओळ उभी राहते.

आंब्याखालचा भाग आम्ही वेगळ्या पद्धतीनं केला. तिथं चर खणायला लागल्यावर मनगटाएवढी मुळं लागली. ती तोडायला तात्यांनी नकार दिला आणि मलाही ती तोडायची नव्हती. तेवढ्या टप्प्यात खणलंच नाही. मुळांवर नुसती कच पसरून चार इंच जाडीचे चपटे दगड ठेवलेत, जमिनीच्या वर दिसतात असे. हरळीला तिथं अडवायची गरजही नाही, आंब्याच्या दाट सावलीत ती स्वतःहून विरळ होते. मुळं जाड होतील तसे ते दगड उचलले जातील, तेव्हा ते काढून थोडे बाहेरच्या अंगाला मांडायचे. त्यासाठी जादा घेतलेले काही दगड शेडच्या भिंतीला लावून ठेवलेत, टाचून तयार.